आठवड्याचे तीन दिवस

भाकरी-कालवण उरकून रेडिओजवळ बसलेल्या आणि धान्य निवडता निवडता ऐकणाऱ्या सगळ्या बायांना आमच्या बचत गटाचा रामराम.

आज आम्ही आमच्याच गटातल्या एका ताईबद्दल बोलणार आहोत. नाव सांगणार नाही. पण बोला असं तिनंच सांगितलंय.

या ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं तिला डायलिसिसला जावं लागतं. आपल्या किडन्या रात्रंदिवस रक्त गाळतात, अंगातलं जादा पाणी आणि घाण लघवीवाटे बाहेर टाकतात. तिचं ते काम मशीन करतं, एका वेळी सुमारे चार तास. शिवाय जायचं-यायचं. पहाटेच्या एसटीनं निघालेली बाई दिवेलागणीला घरी येते आणि आल्या आल्या आडवी होते. उरलेल्या दिवसांत घर, रान, पोरं.

मागच्या वर्षी एका बैठकीत ती म्हणाली, "मी आता जायची नाही." आम्हाला वाटलं, सुयांना कंटाळली. तिनं मान हलवली. म्हणाली, "सुया सोसते मी. पण माझ्यासोबत येतात म्हणून ह्यांचे आठवड्याचे तीन रोज बुडतात. घर मीच खाल्लं."

मैत्रिणींनो, डायलिसिस सोडणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. तरी ती बोलली. त्या रात्री आम्हाला कोणालाच नीट झोप लागली नाही.

मग आम्ही तिच्याजवळ बसून विचारलं, तुला दिवसभरात सगळ्यात जड काय जातं? आम्हाला वाटलं होतं त्यातलं तिनं काहीच सांगितलं नाही. पहिली सांगितली तहान. लघवी जवळजवळ बंद झाली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं. पाय सुजतात, दम लागतो, रात्री सपाट झोपता येत नाही. म्हणून दिवसाचं पाणी मोजून. चहा, आमटी, ताक सगळं त्याच मापात. आणि आम्ही काय करत होतो? भेटायला जाताना शहाळं नेत होतो! शहाळ्यात आणि केळ्यात पोटॅशियम जास्त. किडनी बंद असली की ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. आमच्या मायेनंच तिचा जीव गेला असता.

दुसऱ्या सांगितल्या बांगड्या. डायलिसिससाठी तिच्या डाव्या हाताची शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडली आहे. त्याला फिस्टुला म्हणतात. त्या हातावर दाब चालत नाही. घट्ट बांगड्या नाहीत, कळशी नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा नाही की दुसरी सुई नाही. सवाष्ण बाईचा हात मोकळा बघून हळदी-कुंकवाला कुजबूज झाली. आमच्यातल्याच काहींनी केली, हे कबूल करतो. त्यानंतर ती हळदी-कुंकवाला यायचीच बंद झाली. आजारानं अंग खंगतं, पण बाईला माणसांतून उठवतो तो आपण.

तिसरं होतं जेवण. पथ्य म्हणून घरच्यांनी तिची डाळ, अंडी सगळंच तोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, डायलिसिस सुरू झाल्यावर अंगातली प्रथिनं मशीनवाटे थोडी जातात, म्हणून उलट ती पुरेशी खायला हवीत. कमी करायचंय ते मीठ, लोणचं, पापड. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं, मग फोडणी द्यायची. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यातही पोटॅशियम असतं, ते तिला चालत नाही. प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. सोबत जायच्या पाळ्या लावल्या. महिन्यातून एकदा कुणाला तरी जावं लागतं, तेवढंच. 2023 पासून बायांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. डायलिसिसच्या रुग्णांना वेगळी सवलत आहे, तिचे कागद आगारात विचारून घेतले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तेही मार्गी लावलं. तिच्या कर्जाचा हप्ता लांबवला. गटाची बैठक बुधवारची रविवारी नेली. आणि संक्रांतीला तिच्या उजव्या हातात बांगड्या भरून तिची ओटी पहिली भरली.

ताई बरी झाली असं आम्ही सांगणार नाही. थकवा आहे, चिडचिड आहे, कधी कधी एकटीच रडते. तेव्हा आम्ही शहाणपण सांगत नाही, जवळ बसतो. पण तिचे रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का बघणं चुकत नाही. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना, हे आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे. गटाची वही तीच लिहिते. हात उजवा आहे ना!

आता तुमच्यासाठी. किडनी बिघडते ती बहुतेक वेळा साखर आणि रक्तदाब वाढलेला राहिल्यानं, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून साखर-बीपी असलेल्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. कंबर दुखली की दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाऊ नका. आमच्या ताईनं निंदणीच्या दिवसांत कित्येक वर्षं त्या खाल्ल्या आणि बीपी कधी मोजलंच नाही.

आणि तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल, तर शहाळं घेऊन जाऊ नका. जाऊन विचारा, "बाई, तुला सगळ्यात जड काय जातं?" आणि ती सांगेल ते ऐका.

येतो आम्ही. उद्या सोमवार आहे, पहाटेची गाडी आहे. रामराम.