माप खरे, तर व्यवहार खरा

(ग्राहक प्रबोधनासाठी परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परभणीच्या मोंढ्यात हंगामाच्या दिवसांत कापसाच्या भावाची चर्चा चालते, तेव्हा एकाच मालाला तीन मापे लावलेली ऐकू येतात. शेतकऱ्याचा कापूस विकला जातो क्विंटलवर. त्यातून निघालेल्या रुईच्या गाठींचा भाव सांगितला जातो खंडीवर. अमेरिकेच्या वायदेबाजारातला भाव येतो पौंडामागे किती सेंट, अशा हिशेबाने. मानवत, सेलू, जिंतूर, पाथरीचा शेतकरी हे तिन्ही आकडे वर्तमानपत्रांत वाचतो आणि भ्रमणध्वनीवर पाहतो. प्रश्न असा की, या तीन आकड्यांतून आपल्या पदरात नेमके काय पडणार, हे त्याला किती कळते?

2022 च्या मे महिन्यात रुईने खंडीला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. एक लाख हा आकडा ऐकून कोणाचेही डोळे दिपतील. पण ही खंडी म्हणजे 356 किलो. म्हणजे भाव झाला किलोला सुमारे 281 रुपये, आणि तोही रुईचा. एक क्विंटल कापसातून रुईचा उतारा साधारण एक तृतीयांश मिळतो. उरते ती सरकी, तिचा भाव निराळा. एवढी गणिते केल्यावाचून त्या लाखाचा शेतकऱ्याच्या क्विंटलशी मेळ बसत नाही. ज्याला ती येतात तो सौद्याला ताठ मानेने उभा राहतो. ज्याला येत नाहीत तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो.

ही 356 किलोची खंडी आली कोठून? मुंबईच्या कापूस बाजारात 28 पौंडांचा मण होता आणि असे 28 मण म्हणजे एक खंडी. हिशेब झाला 784 पौंडांचा, त्याचे किलो होतात सुमारे 356. नाव आपले, पोटात मात्र पौंड इंग्रजांचा! इंग्रज गेला, पौंड कायद्यातून गेला, तरी त्याची सावली आपल्या कापसावर अजून पडलेली आहे. जुनी मापे ती स्वदेशी आणि किलो-मीटर ते परदेशी, अशी सरळ वाटणी करणाऱ्यांनी या खंडीचा विचार अवश्य करावा.

देशी कोणते, परके कोणते?

मेट्रिक पद्धत फ्रान्समध्ये 1795 साली कायद्याने आली, हे खरे. परंतु तिचा पाया कोणता? दहाच्या पटीत वाढणारी आणि दहाच्या भागात विभागणारी गणना. स्थानमूल्य आणि शून्य यांवर उभी असलेली ही दशमान पद्धती भारताने जगाला दिली. फ्रेंचांनी आपल्याच अंकगणिताला मापाचा साज चढवला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

उलट आपण ज्याला जुना देशी तोळा म्हणतो, त्याचे वजन 180 ग्रेन असे पक्के केले कंपनी सरकारने, 1833 साली. अशा 80 तोळ्यांचा शेर आणि 40 शेरांचा मण हीच पुढे अधिकृत मापे झाली. म्हणजे मेट्रिकची ठेवण आपली, आणि आपल्या तोळ्यावर शिक्का कंपनीचा, असा हा इतिहास उलटसुलट गुंफलेला आहे.

याहूनही मागे जावे. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत दगडाची घडीव घनाकृती वजने सापडली. त्यांतली लहान वजने दुपटीने वाढतात: एक, दोन, चार, आठ, सोळा. मोठ्या वजनांत मात्र दहाच्या पटी दिसू लागतात. रुपयाचे सोळा आणे आणि रुपयाचे शंभर पैसे, या दोन्ही कल्पनांची बीजे या मातीत एकत्र नांदत होती. लोथल येथे हस्तिदंती मोजपट्टीचा तुकडा मिळाला. तिच्यावरील खुणा सुमारे 1.7 मिलिमीटर अंतराच्या आहेत. कौटिल्याने वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आणि दर चार महिन्यांनी मापांची तपासणी करून मुद्रा उमटवण्याचा नियम घातला. भास्कराचार्यांच्या लीलावतीचा आरंभच नाणी, वजने, लांबी आणि धान्यमापे यांच्या परिभाषेने होतो. माप नेमके असावे, सर्वांना एक असावे आणि त्यावर राजसत्तेची देखरेख असावी, हा विचार आपल्याला कोणी परक्याने शिकवलेला नाही.

मराठवाड्याची चौदा वर्षे

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे चालणारे नाणे होते हाली सिक्का. सात हाली रुपये दिले की सहा कलदार रुपये मिळत. सीमेपलीकडे माल नेणाऱ्याला नाण्याचा एक हिशेब आणि मापाचा दुसरा, असे दुहेरी गणित करावे लागे. गावागावांत धान्य मोजले जाई ते आकारमानाच्या मापाने: कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशेरी, पायली. घाऊक व्यवहारात एकशेवीस शेरांचा पल्ला.

मुक्तीनंतर हाली सिक्का गेला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले. संसदेने डिसेंबर 1956 मध्ये वजनमापांचा कायदा केला. ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात उतरला आणि 1962 च्या एप्रिलपर्यंत जुनी वजने कायद्याने बाद झाली. त्याच दरम्यान, 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे चौदा वर्षांच्या आत एकाच किराणा दुकानदाराने राज्य बदललेले पाहिले, नाणे बदललेले पाहिले आणि तराजूतली वजनेही बदललेली पाहिली. तीच स्थिती त्याच्यासमोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीची.

या संक्रमणात त्रास झाला, तो नाकारण्याचे कारण नाही. जुन्या एका आण्याचे नेमके सव्वासहा नवे पैसे होत. सरकारी कोष्टकात ते सहा धरले. दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. ज्याची सारी खरेदीच आण्या-दोन आण्यांची, त्याला या पाव-अर्ध्या पैशाची ओढाताण जाणवणारच. वजनांचेही तसेच. जुना शेर सुमारे 933 ग्रॅमचा. किलोचा दर लावून हाती शेरच टेकवला, तर ग्राहकाचे 67 ग्रॅम दुकानातच राहिले.

परंतु जुन्या व्यवस्थेत गरिबाचे भले होते काय? शेर येथे एक, पलीकडच्या तालुक्यात दुसरा. कोठे कच्चा, कोठे पक्का. पायली शीग लावून भरायची की सपाट, हे मापाडीच्या हातावर. ज्वारीची पायली आणि तुरीची पायली वजनाला सारखी भरत नाही. दाणा भरीव की पोचट यावरही वजन बदलते. दहा मापे ठाऊक असणारा नेहमी व्यापारी असे आणि एकच माप ठाऊक असणारा शेतकरी किंवा मजूर. मापांची बजबजपुरी ही दुर्बळाच्या खिशाला लागलेली गळती होती. ती बुजवण्याचे श्रेय एकसमान मापालाच द्यावे लागेल.

काय हरवले?

याचा अर्थ जुन्यात काहीच नव्हते असा नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, औटकी मुखोद्गत असलेली पिढी कागद न घेता हिशेब करीत असे. नवटाक म्हणजे नऊ टाक, शेराचा आठवा भाग. शेर वारंवार निम्मा करीत गेले की प्रत्येक भागाला स्वतःचे नाव मिळे. त्या पाठांतराबरोबर एक बौद्धिक शिस्तही गेली. किलो शिकवताना ती शिस्त टाकून देण्याचे काहीही कारण नव्हते. आजही भाजी पाव किलो, दीड किलो, अडीच किलोच घेतली जाते. मराठी माणूस दशांश चिन्ह बाजारात उच्चारत नाही. पावकी आणि किलो यांचे वैर नाही.

शब्द तर टिकलेच आहेत आणि टिकावेत. शेरास सव्वाशेर भेटतो, गोष्ट सोळा आणे खरी असते. नववधू उंबऱ्यावर माप ओलांडूनच घरात येते. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत आहे. हे संस्कृतीचे धन आहे. त्याला कोणताही कायदा हात लावीत नाही आणि लावूही नये. मात्र शब्द भाषेत राहणे वेगळे आणि त्या शब्दाच्या आडून व्यवहारात संदिग्धता राहणे वेगळे.

संदिग्धतेची किंमत

मध्यमवर्गीय घरांतले उदाहरण घ्या. आजीच्या वेळची पाच तोळ्यांची माळ म्हणजे 58 ग्रॅमहून थोडे अधिक सोने, कारण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आजचा सराफ तोळा म्हणतो तो 10 ग्रॅमला. घरातल्या जुन्या टिपणातले पाच तोळे पाहून कोणी 50 ग्रॅम गृहीत धरले, तर वाटणीत आठ ग्रॅमांचा घोळ होईल आणि भावाभावांत विनाकारण संशय येईल. जमिनीचेही तेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, बोलण्यात एकर आणि गुंठा. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, एक आर सुमारे 1076 चौरस फुटांचा. दोन्ही एकच समजून चाळीस गुंठ्यांचा सौदा केला की जवळपास अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. वस्तीलगतच्या प्लॉटमध्ये त्या अर्ध्या गुंठ्याचे मोल काय, हे सांगायला नको.

शेतीत हा घोळ आणखी महाग पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या खतांच्या शिफारशी हेक्टरी असतात; शेतकरी विचार करतो एकरी. हेक्टरी मात्रा एकराला घातली की खत अडीचपट झाले: पैसा वाया, माती नासली. त्यात गोणीचा हिशेब. युरियाची गोणी 50 किलोची होती, ती 2018 पासून 45 किलोची झाली. एकरी एक गोणी एवढेच ध्यानात ठेवणाऱ्याची मात्रा त्याच्या नकळत बदलली.

अशा घोळातून मोठी राष्ट्रेही सुटत नाहीत. अमेरिकेने मंगळाकडे पाठवलेले एक यान 23 सप्टेंबर 1999 रोजी नष्ट झाले, कारण एका गटाने आकडे पौंडांच्या पद्धतीत दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. पौंडाचे माहेर असलेल्या ब्रिटनमध्ये 2001 साली सुंदरलँडच्या एका फळविक्रेत्याला पौंडावर केळी विकल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले, तेव्हा राष्ट्राभिमानाच्या नावाने मोठे वादळ उठले. पुढे 2022 मध्ये तेथील सरकारने जुन्या मापांबाबत लोकांचे मत मागवले. एक लाखाहून अधिक उत्तरे आली आणि त्यांपैकी 98.7 टक्के मेट्रिकच्या बाजूची होती. 2023 अखेरीस सरकारने तो विषय गुंडाळला. अभिमान आपल्या जागी, पण रोजच्या पिशवीत काय येते, हे लोकांना अधिक मोलाचे वाटले.

आता पाळी ग्राहकाची

आपल्या देशात आज 2009 चा वैधमापन कायदा लागू आहे. त्याची अंमलबजावणी 1 एप्रिल 2011 पासून झाली. माप कोणते हा वाद कायद्याने मिटवला आहे. नवा धोका वेगळा आहे. 2021 च्या नियमदुरुस्तीने अनेक वस्तूंच्या वेष्टनांवरील ठरावीक आकारांचे बंधन काढून टाकले आणि त्याऐवजी दर ग्रॅमला किंवा किलोला पडणारी किंमत छापण्याची अट घातली. परिणामी पुड्याची किंमत तीच ठेवून आतले वजन घटवणे सोपे झाले. पूर्वी मापाडीचा हात हलका होई, आता पुडा हलका होतो. पूर्वी वाद घालण्यास समोर माणूस तरी असे. पुड्याशी वाद घालता येत नाही. त्यावर छापलेली एकक किंमत वाचणे, हाच उपाय.

1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, त्यामागे ग्राहक जागा झाल्याखेरीज बाजार शुद्ध होत नाही, हीच जाणीव होती. कायदे त्यानंतर आले. ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. जागृती आधी, कायदा नंतर, हा क्रम विसरता येणार नाही.

म्हणून करायचे ते साधे आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर चालू वर्षाच्या पडताळणीची मुद्रा आहे का, हे पाहावे. वजन करण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, हे पाहावे. मिठाई खोक्यासह तोलू देऊ नये. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून मागावे. तो हक्क आहे. सोन्याची पावती ग्रॅममध्येच घ्यावी. जमिनीच्या कागदावर एकर-गुंठ्यांबरोबर हेक्टर-आर पडताळावेत. आणि घरातल्या मुलांना बाजारात सोबत न्यावे. पावकी-निमकी पाठ करवून घ्यावी आणि पुड्यावरची एकक किंमतही वाचायला लावावी.

माप कोणत्या देशातून आले, यावरून त्याची शुद्धता ठरत नाही. ते धरणारा हात आणि पाहणारा डोळा यांवरून ठरते. कौटिल्याचा अधिकारी चार महिन्यांनी येत असे. ग्राहकाचा डोळा तर रोज तराजूसमोर असतो. तो उघडा राहिला, तर पायलीच्या काळात नागवल्या गेलेल्या माणसाचा नातू किलोच्या काळात नागवला जाणार नाही.