व्यायामाचं माप कोण ठरवणार?

(गिरगावात खोताच्या वाडीत तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



फायब्रोमायल्जिया हे नाव अवघड आहे, पण त्यातलं दुखणं तुमच्या घरात कुणाला तरी असू शकेल. सगळं अंग ठणकतं, रात्रभर झोपूनही सकाळी थकवा जात नाही, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. रक्त तपासा, एक्स-रे काढा, रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणतात, "काही नाही, कामाचा कंटाळा आहे." बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो, त्यामुळे हे वाक्यही त्यांच्याच वाट्याला जास्त येतं.

रिपोर्ट नॉर्मल येतो, कारण बिघाड स्नायूत किंवा हाडात नसतो. वेदनेचे संदेश मज्जासंस्था वाजवीपेक्षा मोठे करून ऐकवते. आवाज वाढवून ठेवलेल्या रेडिओसारखं. दुखणं खरं असतं, पण दुखतंय म्हणजे आत काही फाटतंय, असं नसतं. व्यायामाबद्दल बोलायचं तर आधी हे समजायला हवं.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या संघटनेने २०१७ साली या आजारावरच्या सुधारित शिफारशी प्रसिद्ध केल्या. औषधं, मालिश, ॲक्युपंक्चर, समुपदेशन, सगळं तपासून 'ठाम शिफारस' दिली ती एकट्या व्यायामाला. व्यायामाने आजार जात नाही; दुखणं थोडं कमी होतं आणि दिवस पार पाडता येतो. ज्यांना हा आजार आहे त्यांना हे 'थोडं' किती मोठं असतं ते माहीत आहे. मी त्यांच्यातलीच एक आहे.

पण घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "झाडू-पोछा करतेस, पाण्याच्या बादल्या उचलतेस, चाळीचे तीन जिने चढतेस, अजून कसला व्यायाम?" माझं आजचं म्हणणं या प्रश्नाशीच आहे. व्यायामात कधी थांबायचं ते मी ठरवते. घरकामात ते नळ ठरवतो, पाहुणे ठरवतात, भावाच्या डब्याची वेळ ठरवते. या आजारात सगळा फरक तिथेच पडतो. बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, या चक्रातून बाहेर पडायचं तर माप आपल्या हातात हवं.

"पाच वेळा नमाज पढतेस, तोच व्यायाम," हेही ऐकू येतं. नमाज इबादत आहे, तिला व्यायामाच्या हिशेबात कशाला ओढायचं? गुडघे-कंबर साथ देत नसतील तर बसून पढायची मुभा आहे, ती संकोच न करता घ्यावी.

माप कसं ठरवायचं? चांगल्या दिवशी दहा मिनिटं चालवत असेल तर पाचच चालायचं. वाईट दिवशीही जमलं तर तेवढंच, नाहीतर त्याहून कमी, पण शून्य शक्यतो नाही. दोन आठवडे हे टिकलं तर एक मिनिट वाढवायचं. हो, एकच. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागता कामा नये. सुरुवातीला अंग जास्त दुखेल. एक-दोन दिवसांत उतरलं तर ठीक, नाहीतर माप कमी करायचं. हळूहळू खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं हेही जोडता येतं. सकाळी अंग आखडलेलं असतं, म्हणून मी दुपार उलटल्यावर चालते. रमजानमध्ये सेहरीने झोप तुटते, तेव्हा मी वाढ करत नाही.

जिमची फी लागत नाही. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २२६ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. ताई ची या संथ चिनी व्यायामाने एरोबिक व्यायामाइतकाच किंवा त्याहून जास्त फायदा झाला होता. संथ म्हणजे कमी प्रतीचं नव्हे.

जागेचं मात्र बोललं पाहिजे. ही वाडी बघा. गल्ल्या अरुंद, गाड्यांची वर्दळ कमी, चौपाटी चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या मोहल्ल्यात फुटपाथ फेरीवाल्यांनी आणि पार्क केलेल्या बाइकींनी भरलेला आहे आणि मुलगी एकटी फेऱ्या मारू लागली की चौकशा सुरू होतात, तिथे 'रोज चाला' हा सल्ला पुरत नाही. तिच्याबरोबर चालायला कुणीतरी लागतं. आणि ती चालत असते तेव्हा बादली उचलायला दुसरं कुणीतरी लागतं. इथे बसलेल्या भावांनो, ते तुम्ही.

एक सावधगिरी. सांधे सुजणं, ताप, वजन उतरणं, हातापायातली ताकद जाणं, ही फायब्रोमायल्जियाची लक्षणं नाहीत. तसं असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. आणि निदान डॉक्टरांनीच करायचं आहे. थायरॉइडच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही अंग असंच दुखतं.

आता प्रश्न घेऊ. बराच वेळ बसून ज्यांची कंबर धरली आहे त्यांनी खुशाल उभं राहावं. मीही उभी राहूनच उत्तरं देणार आहे.