आलेलेच रीडिंग लिहा

आज पदवी घेणाऱ्या मित्रांनो,

तुमचे अभिनंदन. आईवडिलांचे जरा जास्त, कारण फी त्यांनी भरली.

मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवले आणि प्रात्यक्षिकांचा बाह्य परीक्षक म्हणून मराठवाडाभर हिंडलो. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग तुम्हीही केला असेल. ज्या जर्नलात बघावे तिथे पुस्तकातलेच उत्तर, ९८०! स्टॉपवॉच बंद असले तरी ९८०. एका कॉलेजात एका मुलीने मात्र ९४१ लिहिले होते. खाली कच्चे आकडे, खाडाखोड, सगळे जागच्या जागी. तिचे सर म्हणाले, "जुळवून घ्यायला काय झालं होतं हिला?" मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, तर विभागप्रमुखांनी चहासुद्धा विचारला नाही. प्रयोगशाळा सहायकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी, उपकरणे कपाटात कुलूपबंद, आणि मुलांकडून उत्तर मात्र पुस्तकातले हवे. आमच्या पेशावरचा माझा हा राग अजून गेलेला नाही.

आता याच गुरुत्वाकर्षणाची दुसरी गोष्ट. १९६९मध्ये अमेरिकेत जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या दंडगोलांवर गुरुत्वीय लहरी पकडल्याचे जाहीर केले. इतरांनी तसेच दंडगोल उभारले. त्यांना काही सापडले नाही. माणूस कष्टाळू होता, पण निसर्ग कोणाच्या कष्टांकडे बघून होकार देत नाही. त्यामुळे पुढे याच लहरी शोधणाऱ्या 'लायगो' वेधशाळेतल्या लोकांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. २०१०मध्ये मोजक्या लोकांनी यंत्रात गुपचूप खोटा संकेत घातला. बाकीचे शेकडो शास्त्रज्ञ महिनोन् महिने राबले, शोधनिबंधही लिहून तयार झाला. मार्च २०११मध्ये गुपिताचा लिफाफा उघडला, तेव्हा कळले की संकेत बनावट होता. कोणी रुसले नाही. आपल्याकडे असे केले असते तर चौकशी समितीच बसली असती!

१४ सप्टेंबर २०१५ला खरी लहर आली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरी होऊन निघून गेले. लायगोच्या दोन यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला ती लहर आधी पोचली आणि हॅनफर्डच्या यंत्राला सुमारे सात मिलिसेकंदांनी. दोन्ही ठिकाणांत प्रकाशाला दहा मिलिसेकंद लागतात. फरक त्याहून मोठा असता, तर दोन्ही नोंदी एकाच लहरीच्या मानता आल्या नसत्या. यंत्राच्या चार किलोमीटरच्या बाहूतला बदल प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान. गोंगाटातून असा क्षीण संकेत ओळखण्याच्या पद्धती घडवण्यात पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतल्या संजीव धुरंधरांनी आयुष्य घातले. तिथे एक आकडा जुळवून घेतला असता, तर सगळेच मुसळ केरात.

म्हणून सांगतो, पुन्हा सांगतो: आले तेच लिहा. साहेब रागावला तरी, बढती अडली तरी.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे भरती निघेल, तेव्हा ज्यांनी जर्नल जुळवले नाही त्यांनी जरूर अर्ज करा.