डब्यावरचं नाव

आपल्या घरांत डब्यावरच्या नावाला कुणी फारसा मान देत नाही. बिस्किटांच्या गोल डब्यात सुईदोरा, तुपाच्या डब्यात तांदूळ. आमच्या अम्मीच्या फडताळात चॉकलेटचा एक देखणा डबा होता, त्यात हळकुंडं असायची. हे माहीत असूनही आम्ही भावंडं दर ईदला तो आशेनं उघडून पाहायचो. आज मी ज्या डब्यांविषयी बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत मात्र ही आपली सवय जिवावर बेतू शकते. ते डबे आहेत दारूचे. बंदुकीच्या दारूचे, गैरसमज नको! मूळ फार्सीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून शिल्लक आहे. पुढे हाच शब्द बाटलीलाही चिकटला आणि तोफेलाही.

अमेरिकेत एक छंद आहे, झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्याचा. गोळी सुटली की पितळी पुंगळी मागे राहते. ती स्वच्छ करायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. शिकारी आणि नेमबाज तळघरात किंवा गॅरेजमध्ये टेबल मांडून तासन्‌तास हे काम करतात. पैसे वाचतात हे एक कारण. पण सोनाराच्या काट्यावर बसल्यासारखी जी एकाग्रता लागते, तिची गोडी बहुधा मोठी असावी. दारू मोजतात 'ग्रेन'मध्ये. एका पौंडात 7000 ग्रेन, आणि पिस्तुलाच्या लहानशा काडतुसाला चार-पाच ग्रेन पुरतात. म्हणजे पौंडाचा एक डबा फळीवर वर्षानुवर्षं राहतो, घरातल्या माणसासारखा.

या मंडळींचा जीव जुन्या डब्यांत अडकलेला असतो. एकोणिसाव्या शतकातले काळ्या दारूचे चपटे पत्र्याचे डबे, त्यावरचे रंगीत कागद. नंतरचे बिनधुराच्या दारूचे चौकोनी डबे, काही पत्र्याचे, काही पुठ्ठ्याचे. कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली असते, आणि आजच्या भावाशी ती ताडून पाहत उसासे टाकणं हाही छंदाचाच भाग आहे.

मला कवी म्हणून मोह पडला तो नावांचा. हॅझर्ड कंपनीच्या एका दारूचं नाव होतं 'डक शूटिंग', बदकांच्या शिकारीसाठी. लाफ्लिन अँड रँड कंपनीची 'ऑरेंज'. हर्क्युलिसची 'रेड डॉट', आणि तिच्यात खरोखरच लाल रंगाचे कण मिसळलेले. 'बुल्सआय' आणि 'युनिक' ही नावं तर शंभर वर्षांहून जुनी. ती लाफ्लिन अँड रँडची. ती कंपनी ड्युपॉन्टनं घेतली. 1912 मध्ये मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे ड्युपॉन्टचे तुकडे झाले, तेव्हा ही नावं नव्या हर्क्युलिसकडे गेली, आणि 1995 मध्ये अलायंटकडे. मालक बदलले, डबे बदलले, नाव तेच. नातवानं आजोबांच्या डब्यावर वाचलेला शब्द त्याला दुकानातही सापडत राहिला.

पण या डब्यांच्या मागे जे आहे ते सगळंच गोड नाही. ड्युपॉन्टचा दारूचा कारखाना 1802 मध्ये डेलावेअर राज्यात सुरू झाला, तोही ब्रँडीवाइन नावाच्या नदीकाठी! (हा विनोद इतिहासाचा आहे, माझा नाही.) तिथल्या गिरण्यांना तीन बाजूंनी जाडजूड दगडी भिंती असत, आणि नदीकडची चौथी बाजू हलकी. स्फोट झालाच तर त्याचा मारा नदीकडे जावा आणि शेजारची गिरणी वाचावी म्हणून. आत काम करणाऱ्या माणसाचा या हिशेबात समावेश नव्हता. 1921 मध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत दोनशेहून अधिक माणसं तिथे मेली. त्या इमारती आज संग्रहालय म्हणून उभ्या आहेत.

आणि या दारूत आपलाही अंश होता. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, आणि उत्तम सोरा येई तो बंगाल-बिहारकडून. तिथे नोनिया समाजाचे लोक गावाच्या भिंतींजवळची खारट माती खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून तो काढत. 1861 मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलेलं असताना, ड्युपॉन्ट घराण्यातला लॅमॉट ड्युपॉन्ट हा सोरा विकत घ्यायला लंडनला गेला होता. बिहारच्या माणसानं खरवडलेली माती व्हर्जिनियाच्या रणांगणावर धूर होऊन उडाली. डब्यावर मात्र त्याचं नाव कुठे नाही.

छंदाचा खरा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ब्रूस हॉजडन नावाच्या कॅन्ससच्या गृहस्थानं सरकारकडे उरलेली पन्नास हजार पौंड दारू विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती. मग शेतातल्या भाड्याच्या कुरणात रेल्वेचा एक जुना डबा आणून ठेवला, तेच कोठार! भांडवलासाठी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आणि मासिकात इंचभर जाहिरात दिली. त्याची कंपनी आजही आहे.

आता दारू बहुतेक प्लॅस्टिकच्या बरण्यांत येते. जुनी मंडळी नाक मुरडतात. परंतु दारूच्या डब्याचं एक शास्त्र आहे. बिनधुराची दारू उघड्यावर पेटली तर भपकन जळते; मजबूत, घट्ट बंद भांड्यात पेटली तर दाब कोंडून भांड्याचाच बाँब होतो. म्हणून डबा मुद्दाम कमकुवत करायचा, लवकर फाटावा असा. ब्रँडीवाइनकाठची ती हलकी भिंत इथे डब्यापर्यंत येऊन पोचली आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एक दारू झरझर जळते, दुसरी सावकाश. डोळ्यांना दोन्ही सारख्याच काळपट कणांच्या दिसू शकतात. सावकाश जळणारीच्या मापानं झरझर जळणारी भरली, तर बंदूक हातात फुटते. म्हणून या छंदात कडक नियम आहे: दारू तिच्या मूळ डब्यातच राहील. दुसरा डबा कितीही सुंदर असो, त्यात ओतायची नाही. नाव पुसट झालं, शंका आली, तर ती दारू वापरायची नाही.

हा नियम सगळ्यात जड जातो तो वारसांना. म्हातारा छंदी माणूस जातो. मुलगा तळघरात उतरतो. फळीवर लहानपणापासून पाहिलेले डबे. झाकण उघडून तो हुंगतो. चांगल्या दारूला ईथरसारखा वास असतो. नाकाला झोंबणारा आंबूस वास आला, तांबूस भुकटी दिसली, तर ती बिघडलेली. आणि वास चांगला असला तरी वडिलांनी कधी अर्धा उरलेला माल यातच ओतला नसेल कशावरून? झाकणाचं सील तर केव्हाच फुटलेलं. वडिलांवर विश्वास नाही असं नाही, पण विचारायचं कुणाला? अशा वेळी कित्येकजण बिनधुराची दारू अंगणातल्या हिरवळीवर पातळ पसरून टाकतात, तिच्यातलं नत्र गवताला मिळतं. मग डबा पुसून पुन्हा फळीवर ठेवतात, रिकामा.