वस्तीचें मत आणि शहराचा कारभार

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहराची लोकसंख्या ३८ लाखांच्या घरांत आहे, आणि त्याची नगरसभा आहे अवघ्या १५ सभासदांची. एकेका सभासदाच्या वांट्यास अडीच लाख माणसें येतात. आपल्या गल्लींतील फुटक्या पदपथाची तक्रार घेऊन जाणाऱ्या गृहस्थास हा सभासद एखाद्या लहानशा संस्थानिकासारखाच दुर्लभ वाटला, तर नवल नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस ही अढी इतकी वाढली होती कीं, डोंगरापलीकडील सॅन फर्नांडो खोऱ्यांतील रहिवासी आपलें निराळें शहर मागूं लागले. त्या असंतोषावर उतारा म्हणून जून १९९९ मध्यें मतदारांनीं शहराची नवी सनद मंजूर केली आणि तिच्यांत ‘नेबरहूड कौन्सिलां’ची, म्हणजे वस्तीवस्तीच्या सल्लागार सभांची, तरतूद झाली. फुटून निघण्याचा प्रश्न त्यानंतरही २००२ सालीं मतास पडलाच. खोऱ्यांत त्यास निसटतें बहुमत मिळालें. परंतु सबंध शहरानें तो फेटाळला.

अशा सभा आज शंभराच्या आसपास आहेत. शाळेच्या दिवाणखान्यांत किंवा वाचनालयांत महिन्यांतून एखाद्या सायंकाळीं त्या भरतात. सभासद निवडून येतात, पण वेतन घेत नाहींत. मताचा हक्क केवळ रहिवाशालाच नसून, तेथें नोकरी करणारा, मालमत्ता बाळगणारा, किंवा तेथील एखाद्या संस्थेंत नेमानें भाग घेणारा, असा कोणीही मत देऊं शकतो. सनदेचा हा उदारपणा पुढें कसा अंगाशीं आला तें लवकरच दिसेल.

या सभांना अधिकार मात्र एकच, सल्ला देण्याचा. नगरसभेपुढें एखादा प्रस्ताव आला, कीं वस्तीची सभा त्यावर ठराव करून आपलें लेखी निवेदन धाडते आणि तें त्या प्रस्तावाच्या कागदांना जोडलें जातें. नगरसभेनें तें वाचावें, मानावें किंवा बाजूस सारावें. इतक्या दुबळ्या हत्यारानें काय होणार, असें वाटणें साहजिक आहे. परंतु २००४ सालीं शहराच्या पाणी व वीज खात्यानें पाणीपट्टी १८ टक्के वाढविण्याचें ठरविलें, तेव्हां या सभांनीं एकजुटीनें असा कांहीं गलबला केला कीं, वाढ शेवटीं ११ टक्क्यांवर आली. पाण्याचें बिल सर्वांच्याच घरीं येतें, म्हणून तेथें एकजूट सोपी होती. घरांचा प्रश्न तसा नाहीं.

लॉस एंजेलिसमधील निम्म्याहून अधिक कुटुंबें भाड्यानें राहतात. सायंकाळच्या सभेंत मात्र घरमालकांचा भरणा अधिक असतो. ज्याला दोन ठिकाणीं राबून भाडें भरावयाचें, त्याला तीन तास बसून नकाशांचा खल ऐकण्यास फुरसत कोठून असणार? म्हणून चार मजली चाळवजा इमारतीचा प्रस्ताव आला, कीं तिची सावली, गर्दी आणि मोटारी यांविषयीं बोलणारे पुष्कळ भेटतात. तिच्यांत ज्यांना राहावयाचें आहे ते त्या दालनांत नसतात, आणि कित्येकदां तर अजून त्या वस्तींतही नसतात.

शहराच्या मध्यभागीं ‘स्किड रो’ नांवाचा सुमारें पन्नास चौकांचा भाग आहे. हजारों बेघर माणसें तेथें पदपथावर किंवा आश्रयगृहांत राहतात. या भागाचा समावेश मध्यवर्ती शहराच्या सभेंत होत असे. परंतु तेथें व्यापारी व नव्या इमारतींचे रहिवासी यांच्यापुढें आपला आवाज पोंचत नाहीं, असें म्हणून तेथील कार्यकर्त्यांनीं स्वतंत्र सभा मागितली. एप्रिल २०१७ मध्यें मतदान झालें. मत केवळ स्किड रोच्या रहिवाशांचेंच घेतलें असें नव्हे. ज्या सभेंतून फुटावयाचें तिच्या हद्दींतील नोकरदारांना व मालमत्तेच्या धन्यांनाही मताधिकार होता आणि संगणकाद्वारें मत देण्याची सोय होती. ज्याला रात्रीं डोकें टेकण्यास जागा नाहीं, त्याच्यापाशीं संगणक कोठला! अनुकूल मतें ७६६ पडलीं, प्रतिकूल ८२६. साठ मतांनीं एका वस्तीला वस्ती म्हणून बोलण्याची परवानगी नाकारली गेली. नियम कोठेंही मोडला नव्हता, असें कोणी म्हणेल. पण नियमच असा केला होता कीं, वेगळें होऊं पाहणाऱ्याचें उत्तर दुसऱ्यांनीं द्यावें.

मोटार उभी करण्याच्या जागेचा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. पण घराच्या भाड्याशीं त्याचें जवळचें नातें आहे. शहराच्या जुन्या नियमाप्रमाणें नव्या इमारतींतील प्रत्येक बिऱ्हाडामागें, खोल्यांच्या संख्येनुसार, एक, दीड किंवा दोन मोटारींची जागा ठेवावी लागे. (अर्धी मोटार कोणती, हा प्रश्न नियमकर्त्यांना पडला नसावा.) तळघर खोदून केलेल्या या जागेचा खर्च भाड्यांतच वसूल होतो, मग भाडेकरूकडे मोटार असो वा नसो. तेथील विद्यापीठांतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनीं २००५ सालच्या आपल्या ग्रंथांत हेंच दाखवून दिलें होतें. वस्तीच्या सभांमध्यें मात्र ‘आमच्या रस्त्यावर आतांच जागा मिळत नाहीं’ हें उत्तर ठरलेलें. अखेर २०२२ सालीं राज्याच्या विधिमंडळानेंच कायदा केला, आणि वर्दळीच्या रेल्वे व बस-थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आंत ही सक्ती बहुतांशीं उठली.

त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत करासंबंधींचा एक प्रश्न थेट मतदारांपुढें आला. ५० लाख डॉलरांवरील मालमत्तेच्या विक्रीवर ४ टक्के आणि एक कोटीपासून पुढें साडेपांच टक्के कर घ्यावा, तो पैसा स्वस्त घरें व अडचणींतील भाडेकरू यांसाठीं वेंचावा, अशी ही सूचना होती. ती मंजूर झाली. तिनें नवीन बांधकाम मंदावतें, हा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांनीं घेतला आहे व तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. परंतु त्या दिवशीं कारखान्यांतून परतणाऱ्या भाडेकरूचें मत टेकडीवरील बंगलेवाल्याच्या मताइतकेंच मोजलें गेलें. सायंकाळच्या सभेंत हें क्वचितच घडतें.

यानंतरचा प्रसंग मौजेचा आहे. २०२५ सालीं राज्याच्या विधिमंडळापुढें रेल्वे-थांब्यांजवळ उंच इमारतींना मोकळीक देणारें विधेयक आलें. वस्तीच्या अनेक सभांनीं विरोध केला. ऑगस्टमध्यें नगरसभेनेंही, ८ विरुद्ध ५ मतांनीं, विरोधाचा ठराव केला आणि महापौर कॅरन बास यांनींही नापसंति कळविली. राज्यपालांनीं ऑक्टोबरमध्यें विधेयकावर सही केली. पंचवीस वर्षें वस्त्यांचीं निवेदनें कागदांना जोडून घेणाऱ्या नगरसभेचा स्वतःचा ठराव या वेळीं राजधानी सॅक्रामेंटो येथें तसाच कागदांना जोडला गेला.