उतारवयातील सोबती



कुत्रा पाळावयाचा म्हटला की आपण पिल्लू शोधतो. प्राण्यांच्या निवारागृहातील आठ-दहा वर्षांच्या कुत्र्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. गेल्या वर्षी मी अशीच एक म्हातारी कुत्री घरी आणली. पहिले तीन दिवस ती पलंगाखालून हलली नाही. सर्व निजल्यावरच ती अन्नाला तोंड लावी. "परत नेऊन सोडा," असे शेजारी म्हणू लागले. मीही डगमगलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

अशा वेळी घाई करू नये. जनावराला निवांत कोपरा द्यावा, जेवणाची व फिरण्याची वेळ नेमाने पाळावी, मुलांना त्याच्याभोवती गर्दी करू देऊ नये. वयोमानाने दृष्टी व श्रवण मंदावते. म्हणून झोपेत असताना त्याला अचानक हात लावू नये. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरले म्हणजे दुखऱ्या पायांना आधार मिळतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात दात, सांधे व मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. रेबीज-प्रतिबंधक लस कदापि चुकवू नये.

चाळिसाव्या दिवशी ती आपण होऊन माझ्या पायाशी येऊन बसली.

प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. शिक्षक ते वर्गात शिकवितात. ग्रामसभेतही पंचांनी एवढे अवश्य सांगावे, की घरी कुत्रा आणावयाचा असेल तर निवारागृहातील म्हाताऱ्या जिवाचाही विचार व्हावा, आणि आणल्यावर त्याला निदान तीन महिने द्यावेत.