खिशातले गाणे आणि त्याची किंमत



साधेपणावर ज्या गावात आजवर इतकी व्याख्याने झाली, त्या वर्ध्यात तीन-साडेतीन लाखांच्या वॉकमनवर बोलायला उभे राहणे म्हणजे धाडसच. विषय कळवला तेव्हा चिटणीससाहेब हसले. पण आम्ही स्वतः या मोहात सापडलेले आहोत, आणि मोहाविषयी बोलायला त्यात सापडलेला माणूस अगदीच अपात्र नसतो.

१ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला. किंमत ३३,००० येन. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत ॲपलने आयपॉड आणला. ३९९ डॉलरांत हजार गाणी खिशात मावू लागली. पुढे भ्रमणध्वनीने हे काम गिळले, आणि मे २०२२ मध्ये आयपॉडही बंद झाला. आता कोणासही वाटेल की धंदा संपला. तो संपला नाही. सामान्य गिऱ्हाईक गेले आणि चोखंदळ तेवढे उरले. आता ही यंत्रे मूठभर लोकांसाठीच करायची, आणि नव्या जुळणीचा सारा खर्च त्यांच्याच माथी मारायचा. किमती चढण्याचे पहिले कारण आमच्या मते हेच.

ॲस्टेल अँड कर्न या कोरियन नाममुद्रेची पत्रिकाच मांडतो. २०१२ साली त्यांचे पहिले यंत्र ६९९ डॉलरांना होते. २०१४ साली शिरोमणी यंत्र २,४९९ ला, आणि २०१५ साली त्याच्या जागी आले ते ३,४९९ ला. त्यानंतर २०१७, २०१९, २०२२, २०२५, दर दोन-तीन वर्षांनी नवा शिरोमणी. शेवटचा ३,९९९ डॉलरांचा. २०१४ साली डॉलर साठ-एकसष्ट रुपयांना होता, २०२५ साली पंच्याऐंशीच्या पुढे गेला. म्हणजे डॉलरात दीडपटीहून थोडी अधिक झालेली वाढ आपल्या रुपयात सव्वादोन पटीला पोचते, आणि जकात, कर निराळेच. तिकडच्या हौशी माणसाला बसतो त्याहून मोठा चटका इकडच्याला बसतो.

इतके उंचावर न जाता पाहू. सोनीचा झेडएक्स ७०७ हा वॉकमन जानेवारी २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,३८० रुपये होता. म्हणजे एका वॉकमनला जवळजवळ अकरा क्विंटल कापूस! कोरडवाहू रानात तेवढा कापूस निघायला किती एकर लागतात, हे हिंगणघाट-आर्वीकडच्या मंडळींना आम्ही सांगायला नको.

नव्या यंत्रात नवे काय असते? मुख्यतः आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानातील नोबेओका येथे अशा चिपा करणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, आणि जगभरच्या यंत्रकारांना दुसऱ्या चिपा शोधून आराखडे बदलावे लागले. ते नाइलाजाचे बदल होते. बाकीच्या बदलांविषयी मात्र शंका घ्यावीशी वाटते. माणसाचा कान तरुणपणी सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि साध्या सीडीत तेवढे मावते. २००७ साली दोन अमेरिकन संशोधकांनी आडपडद्याने परीक्षा घेतली, तेव्हा ऐकणाऱ्यांना सीडीच्या दर्जाचा आवाज आणि त्याहून वरचा आवाज यांत फरक सांगता आला नाही. २०१६ साली लंडनमध्ये अशा अनेक परीक्षा एकत्र तपासल्या गेल्या आणि सूक्ष्म फरक जाणवतो, तालीम मिळालेल्या कानाला थोडा अधिक, असे आढळले. तेव्हा सगळे थोतांड आहे असे आम्ही म्हणणार नाही. चांगल्या यंत्रावर तानपुऱ्याची जवारी ऐकताना रात्र सरल्याचे भान आम्हांला राहिलेले नाही. पण तो गुण यंत्राचा किती आणि कानातल्या बोंडांचा किती? बोंडे बदलली की फरक आमच्या घरच्यांनाही कळला. यंत्र बदलले तेव्हा फक्त आम्हांला कळला, आणि किंमत ठाऊक होती ती आम्हांलाच.

आता आमच्यावर गुदरलेली गोष्ट. सहा वर्षांपूर्वी एक मध्यम प्रतीचे यंत्र आम्ही घेतले. पाचव्या वर्षी बॅटरी फुगली व पाठीची काच उचलली गेली. कंपनीचे नाव घेत नाही. त्यांनी कळवले की हा नमुना बंद झाला, बॅटरी मिळणार नाही, नव्या नमुन्यावर सवलत देऊ. आवाज करणारा भाग ठणठणीत, आणि थोडक्या रुपयांच्या घटकापायी सारे बाद! बॅटरी झिजणारच, काहीशे वेळा भरली की तिची ताकद उतरते, हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. युरोपने २०२३ साली कायदा केला की हातात वागवायच्या यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे; तो २०२७ पासून लागू करण्याचे त्यात ठरले.

हे ऐकून आम्हांला मगन संग्रहालय आठवले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या या संग्रहालयात मांडलेले चरखे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याआधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी पाहा: चरखा हलका, सहज नेता येणारा हवा, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वेळच्या वेळी निगा ठेवल्यास वीस वर्षे चालला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नको. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, अटी इतक्या कडक होत्या. पण नव्या यंत्राकडे काय मागावे, याचा असा लेखी कागद आम्ही दुसरा पाहिलेला नाही. त्या अटी आमच्या वॉकमनला लावल्या, तर वीस वर्षांच्या अटीलाच तो पाचव्या वर्षी नापास झाला.

ते यंत्र आम्ही बाजारातल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने भिंग लावून पाहिले व म्हणाला, "भाऊ, हे उघडासाठी बनवलंच नाही." तरी ठेवून घेतले. गरम हवेने डिंक सोडवून, मापाची दुसरी बॅटरी बसवून पाहतो म्हणाला. गुरुवारी बोलावले आहे. वाजले तर शेवटच्या व्याख्यानाच्या दिवशी येथे घेऊन येऊ. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी सभेनंतर थांबावे.